पंखा आणि वळणपट्टी

अमेरिकेतल्या नायट्रो मॉडेल बोटींच्या शर्यतींत ऑक्ट्युरा कंपनीचे पंखे सर्रास दिसतात. ‘एक्स ४४२’ म्हणजे व्यास ४२ मिलिमीटर, पिच त्याच्या १.४ पट, एका फेऱ्यात कागदोपत्री ५८.८ मिलिमीटर पुढे. इंजिन मिनिटाला २५,००० फेरे घेत असेल आणि पंखा थेट जोडलेला असेल, तर वेग ताशी सुमारे ८८ किलोमीटर. प्रत्यक्षात घसरण होते, त्यामुळे तो कमीच भरतो.

हा पंखा अर्धा पाण्याबाहेर राहून फिरतो. नवा पंखा धार लावून, समतोल साधूनच बसवावा. असमतोल पंखा शाफ्ट आणि बुश खातो. मात्र हे पंखे बहुधा बेरिलियम-तांब्याचे असतात आणि त्या धातूची धूळ फुप्फुसांना घातक असते. घासकाम ओलेच करा, योग्य मास्क लावा. इथे हयगय अजिबात नको.

अमेरिकेतल्या या शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे वळणे उजवी. म्हणून हायड्रोप्लेन प्रकारच्या बोटीची वळणपट्टी उजव्या बाजूला असते. ती पाणी धरून ठेवते, बोट बाहेर फेकली जात नाही. पट्टी धावेच्या रेषेशी समांतर हवी. जराशी तिरकी झाली तरी सरळ मार्गावरही बोट एका बाजूला ओढते. पंखा बदलण्याआधी मी तरी हीच तपासेन.