कच्ची नोंद आणि पक्की नोंद : संगणकातील माहिती डिस्कवर कशी उतरते?

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा किंवा मंगळवेढा तालुक्यातील एखाद्या गावचा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. एक खातेदार घरपट्टी भरण्यास ग्रामपंचायत कार्यालयात येतो. नोंद संगणकावर घेतली जाते, पडद्यावर 'माहिती जतन झाली' अशी अक्षरे उमटतात, पावती त्याच्या हाती पडते आणि त्याच क्षणी वीज जाते. वीज परत आल्यावर पाहावे, तर पावती खातेदाराच्या खिशात आहे. नोंद मात्र संगणकात नाही. कोणी लबाडी केलेली नसते, तरीही पावती आणि दप्तर यांचा मेळ बसत नाही.

राज्यात २०११ साली 'संग्राम' प्रकल्प सुरू झाला आणि २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्रे' उभी राहिली. ग्रामपंचायतीचे नमुना १ ते ३३ हे दप्तर त्यामुळे संगणकावर येऊ लागले. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर केवळ तंत्रज्ञांनी नव्हे, तर दप्तराची जबाबदारी वाहणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

कच्च्या कागदाची सोय

बाजाराच्या दिवशी गर्दी असली की दुकानदार प्रत्येक व्यवहारासाठी चोपडी उघडीत बसत नाही. तो कच्च्या कागदावर टिपणे करतो आणि सवडीने ती किर्दीत उतरवतो. संगणकही हेच करतो. त्याची अंतर्गत स्मृती अतिशय वेगवान असते. परंतु वीज जाताच ती कोरी होते. डिस्क त्या मानाने मंद, पण टिकाऊ असते. म्हणून कार्यप्रणाली लिहिलेली माहिती प्रथम स्मृतीत ठेवते व नंतर एकत्रितपणे डिस्कवर उतरवते. लिनक्स या कार्यप्रणालीत बदललेली माहिती सामान्यतः सुमारे ३० सेकंद जुनी झाल्यावर डिस्ककडे रवाना होते. या मधल्या अवधीत वीज गेली, तर कच्चा कागद वाऱ्यावर उडाला असेच समजावे.

'आताच उतरवा' ही आज्ञा

या अडचणीवर उपाय फार पूर्वीच योजला गेला. १९७० च्या दशकातील युनिक्स प्रणालीत 'सिंक' ही आज्ञा होती. स्मृतीत साचलेली सर्व माहिती डिस्ककडे पाठवावी, असा तिचा अर्थ. १९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्स आवृत्तीत 'एफसिंक' ही अधिक नेमकी आज्ञा आली. ती एकाच फाइलपुरती असते, आणि ते काम पुरे होईपर्यंत आज्ञावली पुढे सरकत नाही. विंडोज प्रणालीतही याच कामाची स्वतंत्र आज्ञा आहे.

चांगल्या माहितीकोशाची रीत जुन्या पेढीसारखीच असते. व्यवहार प्रथम किर्दीसारख्या क्रमवार नोंदवहीत लिहावयाचा, ती 'एफसिंक'ने डिस्कवर पक्की करावयाची आणि मगच 'झाले' असे कळवावयाचे. प्रत्येक वेळी असे थांबण्याने गती मंदावते. म्हणून अनेक व्यवहार एकाच आज्ञेखाली पक्के करण्याची सोयही असते.

काही सावधगिरी

नवी फाइल तयार झाल्यास, तिच्यातील मजकुराबरोबर तिचे नाव ज्या सूचीत असते ती सूचीही पक्की करावी लागते. नाहीतर वही आहे, पण वह्यांच्या यादीत ती नाही, अशी अवस्था होते. शिवाय डिस्कलाही स्वतःची अल्प स्मृती असते व तीही रिकामी व्हावी लागते. आज्ञा अयशस्वी ठरली, तर ती पुन्हा देऊन निश्चिंत होणेही धोक्याचे असते. २०१८ साली पोस्टग्रेस या माहितीकोशाच्या जाणकारांच्या ध्यानात आले की, लिनक्समध्ये पहिल्या अपयशानंतर दुसरी आज्ञा यशस्वी दिसू शकते; प्रत्यक्षात मात्र माहिती डिस्कवर पोहोचलेली नसते. २०१९ मध्ये त्या माहितीकोशाची रीत बदलण्यात आली. असे अपयश आढळताच तो आता काम थांबवतो आणि आपल्या किर्दीवरून नोंदी पुन्हा उभारतो.

कार्यालयात काय करावे?

आज्ञावली पुरवणाऱ्यास एकच प्रश्न आवर्जून विचारावा : पावती छापली जाते ती नोंद डिस्कवर पक्की होण्यापूर्वी की नंतर? संगणकास यूपीएसची जोड द्यावी आणि तो रीतसर बंद करावा. पेनड्राइव्ह 'सुरक्षित काढा' ही सूचना दिल्यावाचून ओढून काढू नये. शाळेतील निकालपत्रके नेताना शिक्षकांनीही हे पथ्य पाळावे. वीज अचानक गेल्यास काम पुन्हा सुरू करण्यापूर्वी शेवटच्या काही पावत्यांची स्थळप्रत दैनिक रोकडवहीशी ताडून पाहावी.

पावती हे ग्रामपंचायतीने नागरिकास दिलेले वचन होय. त्या वचनामागे पक्की नोंद उभी आहे याची खात्री करून घेणे, हे दप्तर लेखणीने लिहिले जात होते तेव्हाही कर्तव्य होते आणि ते संगणकावर आल्यानंतरही आहे.