केगमध्ये एकही बुडबुडा नसतो

अमेरिकेत हौसेने घरी बिअर करणाऱ्यांच्या फ्रीजमध्ये स्टीलचं एक उंच, सडपातळ पिंप उभं असतं. त्याला ते ‘कॉर्नी केग’ म्हणतात. त्यात साधारण १९ लिटर बिअर मावते. हे केग मुळात शीतपेयांच्या कंपन्यांचे, पाकाची ने-आण करण्यासाठी बनवलेले. कंपन्या पुढे खोक्यातल्या पिशव्या वापरू लागल्या आणि जुने केग या हौशी मंडळींच्या हाती लागले.

यीस्टचं काम संपलेली बिअर केगमध्ये भरतात तेव्हा ती जवळजवळ मिळमिळीत असते. झाकण घट्ट बसवायचं, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची नळी जोडायची, दाब १२ पीएसआयवर ठेवायचा आणि फ्रीज तीन-चार अंशांवर. मोटारीच्या टायरमध्ये आपण भरतो त्याच्या निम्म्याहूनही कमी दाब! मग आठवडा-दोन आठवडे काहीच करायचं नाही. आणि काहीच घडताना दिसतही नाही. केगला काचेची खिडकी असती, तर आत संथ, निश्चल बिअर दिसली असती. बुडबुडा एकही नाही. वायू वरच्या पृष्ठभागातून, लोणचं मुरावं तसा, गुपचूप मुरत असतो.

किती मुरतो? बिअरच्या आकारमानाच्या अडीच पट. १९ लिटर बिअरमध्ये साडेसत्तेचाळीस लिटर वायू! त्याचं वजन मात्र नव्वद-पंच्याण्णव ग्रॅम. त्यातला साधारण तिसरा हिस्सा यीस्टने आंबवतानाच मागे ठेवलेला असतो. पेलाभर पाण्यात अडीच पेले साखर विरघळली आणि पाण्याची पातळी जेमतेम हलली, असं कुणी सांगितलं तर आपण विश्वास ठेवू का?

हे कोडं बिअरच्याच शेजारात उलगडायला लागलं. १७६७ मध्ये जोसेफ प्रीस्टली इंग्लंडमधल्या लीड्सला राहायला गेला. शेजारी बिअरची भट्टी होती. आंबणाऱ्या पिंपांवर जड वायूचा थर तरंगत असे. त्या थरात त्याने पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहून पाहिलं, आणि पाण्याला चुरचुरीत चव आली. सोडावॉटरचा जन्म असा पिंपावर झाला. १८०३ मध्ये मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने त्यामागचा नियम मांडला: वरचा दाब जितका, तितका वायू विरघळतो. दाब दुप्पट, तर वायू दुप्पट. थंडीचा हातभारही मोठा. साध्या हवेच्या दाबाखाली शून्य अंशाला लिटरभर पाण्यात १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड मावतो. २० अंशांना ०.९ लिटरसुद्धा नाही. फ्रीजशिवाय केगचं पान हलत नाही ते यामुळे.

ज्यांना धीर नसतो ते दाब ३० वर नेतात आणि केग आडवा मांडीवर घेऊन झोके देतात. प्रत्येक झोक्यासरशी वायू आत शिरल्याची गुरगुर ऐकू येते, कारण हिंदकळण्याने बिअर आणि वायू यांची भेट होणारा पृष्ठभाग वाढतो. पण इथे कुठे थांबायचं ते कळत नाही, आणि नळ उघडला की पेल्यात नुसता फेस. माझं मत विचाराल तर मुरू द्यावं.

बुडबुडे जन्मतात ते दाब सुटल्यावर, म्हणजे वायू बिअर सोडून निघाल्यावर. तेही कुठेही नाही. शांत द्रवाच्या मधोमध बुडबुडा सुरू होणं फार अवघड. त्याला आधीच अडकून बसलेला हवेचा कण लागतो. पेल्यातली एखादी बुडबुड्यांची माळ खाली खाली न्याहाळत जा; बहुधा पुसायच्या फडक्याचा डोळ्यांना न दिसणारा धागा तिथे चिकटलेला असतो, त्याच्या पोकळीत हवा असते.

आणि जिभेवरची चुरचुर? ती फुटणाऱ्या बुडबुड्यांची, असं वाटतं. पण लाळेतल्या पाण्याशी कार्बन डायऑक्साइडचं आम्ल होतं, ते घडवून आणणारं एक एन्झाइम आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर असतं, आणि चुरचुरीत मोठा वाटा त्या आम्लाचा असतो. उंचावरचा त्रास टाळायला गिर्यारोहक अ‍ॅसेटाझोलामाइड घेतात. हे औषध नेमकं तेच एन्झाइम अडवतं. शिखरावरून उतरून ते बिअर घेतात तेव्हा पेल्यात बुडबुडे असतात, फेसही असतो, पण बिअर मिळमिळीत लागते.