कथेचा आवाज आणि श्रोत्यांचा कौल

कोलकात्याचा श्रोता आवाजाविषयी हट्टी आहे. १९७६ साली आकाशवाणीने महालयेच्या पहाटे बीरेंद्रकृष्ण भद्र यांच्याऐवजी उत्तमकुमार यांना ऐकविले, तेव्हा एवढ्या लोकप्रिय नटालाही लोकांनी झिडकारले. जुना ‘महिषासुरमर्दिनी’ परत आणावा लागला. २००९ मध्ये रेडिओ मिर्चीवर सुरू झालेल्या ‘संडे सस्पेन्स’ या रहस्यकथांच्या कार्यक्रमालाही हाच निकष लागला. सत्यजित राय यांचा फेलूदा तेथे सब्यसाची चक्रवर्ती यांच्या, म्हणजे पडद्यावरील फेलूदाच्याच आवाजात बोलला, हे श्रोत्यांना रुचले. ‘चाँदेर पाहाड’सारखी आफ्रिकेच्या अरण्यातील साहसकथा ऐकताना मात्र मतभेद होतात. कोणाला वाऱ्याचा, श्वापदाचा ध्वनी हवा असतो. कोणाला तो अडथळा वाटतो, वाचणाऱ्याचे क्षणभर थांबणेच त्यांना पुरेसे भयप्रद वाटते.