धाव आणि धावणारा

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. जॉन मॅडन नावाचा एक तरुण प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डींच्या शिबिराला गेला. आपल्याला खेळातले सगळे कळते, अशा तोऱ्यात गेला. लोम्बार्डी फळ्यापाशी उभे राहिले, एका चालीबद्दल बोलू लागले आणि बोलतच राहिले. आठ तास उलटले तरी चाल तीच होती : ग्रीन बे पॅकर्सची ‘पॉवर स्वीप’. हे मॅडन पुढे ओकलंड रेडर्सचे नामांकित प्रशिक्षक झाले, दूरचित्रवाणीवर या खेळाचा ओळखीचा आवाज झाले. त्या शिबिराची आठवण मात्र ते आयुष्यभर सांगत राहिले. आपल्याला काहीच कळत नाही, हे त्या दिवशी कळले, असे ते म्हणत.

चेंडू हातात घेऊन एक माणूस पळतो. त्यात आठ तास सांगण्यासारखे काय असते?

हा फुटबॉल अर्थातच अमेरिकेचा. अंडाकृती चेंडू, दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याची सक्ती. सरकलात तर नवे चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याचा. पुढे जाण्याचे मार्ग दोन. क्वार्टरबॅकने चेंडू लांब फेकायचा आणि साथीदाराने झेलायचा, किंवा क्वार्टरबॅकने तो रनिंग बॅकच्या पोटाशी द्यायचा आणि त्याने गर्दीत मुसंडी मारायची. फेक डोळ्यांना सुखावते. धाव बहुधा तीन-चार यार्डांवर माणसांच्या ढिगाऱ्यात संपते. नवख्या प्रेक्षकाला हा ढिगारा कंटाळवाणा वाटतो, आणि खेळाचे मर्म नेमके त्याच्याखाली असते.

लोम्बार्डींची स्वीप कागदावर साधी दिसे. चेंडू खेळात आला की पुढच्या फळीतले दोन गार्ड, जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन, समोरच्याला भिडण्याऐवजी आपल्या जागा सोडून कडेला धावत सुटायचे. त्यांच्यामागे चेंडू घेऊन पॉल हॉर्नंग. कडेला फळीच्या टोकाला उभ्या टाइट एंडने आपला माणूस बाहेर ढकलला तर हॉर्नंगने आतून वळायचे, आत दाबला तर बाहेरून. म्हणजे वाट आधी ठरलेली नसे. जिथे उजेड दिसेल तिथे घुसायचे, हे लोम्बार्डींचे सूत्र. प्रत्येकाचे पहिले पाऊल कोणत्या पायाचे आणि किती लांब, समोरचा अमुक जागी उभा असेल तर काय, दोन हात सरकून उभा असेल तर काय, या सगळ्यात ते आठ तास गेले. समोरच्या संघाला ही चाल येणार हे ठाऊक असे, तरी ती थांबत नसे. पॅकर्सनी सात वर्षांत पाच अजिंक्यपदे मिळवली. आज सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या संघाला मिळणाऱ्या करंडकावर लोम्बार्डींचेच नाव आहे.

या खेळाच्या इतिहासात दोन किमती नेहमी एकमेकींत मिसळल्या गेल्या : धावणाऱ्याची किंमत आणि धावेची किंमत. टाळ्या धावणाऱ्याला पडतात, कारण चेंडू त्याच्या हातात असतो. धाव मात्र त्याच्या पुढचे पाच धिप्पाड लोक घडवतात. सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल. त्यांनी खिंड उघडलीच नाही, तर जगातला सर्वांत चपळ माणूसही तिथल्या तिथे आडवा होतो.

सुरुवातीला धावेशिवाय दुसरे काही नव्हतेच. चेंडू पुढे फेकायला परवानगी नव्हती. खेळाडू एकमेकांना धरून, माणसांची पाचर करून समोरच्या फळीवर आदळत. महाविद्यालयीन मुले यात जिवाला मुकत. १९०५मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. दुसऱ्या वर्षी पुढची फेक नियमात आली, पण इतक्या अटींसह, की व्यावसायिक खेळातही ती कित्येक वर्षे पाहुणीच राहिली. १९३३मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगने फेकीवरचे बंधन सैल केले आणि मग कुठे ती घरची झाली.

तरीही १९५०-६०च्या दशकांत राज्य धावेचेच होते, आणि त्या राज्याचा सम्राट क्लीव्हलँडचा जिम ब्राऊन. नऊ हंगाम, त्यातल्या आठ हंगामांत लीगमध्ये सर्वाधिक धावयार्ड, एकूण १२,३१२ यार्ड. सामन्यामागे शंभराहून अधिक यार्डांची सरासरी पूर्ण कारकिर्दीत टिकवणारा तो आजवरचा एकटाच. तिशी गाठली आणि ‘द डर्टी डझन’ या चित्रपटाचे चित्रीकरण चालू असतानाच त्याने खेळ सोडला. शरीर शाबूत असताना बाहेर पडणारे असे धावपटू विरळा. १९९९मध्ये डेट्रॉइटच्या बॅरी सँडर्सने तेच केले. एमिट स्मिथने पुढे १८,३५५ यार्डांचा विक्रम केला, पण सँडर्स आणखी दोन-तीन वर्षे थांबला असता तर तो आकडा कोणाच्या नावावर असता, हा वाद आजही रंगतो. बाकीच्यांना बहुधा गुडघे बाहेर काढतात.

३१ डिसेंबर १९६७. ग्रीन बेमध्ये तापमान उणे पंचवीस अंश सेल्सिअस, मैदान गोठून काचेसारखे झालेले. अजिंक्यपदाचा सामना, डॅलस पुढे, सोळा सेकंद शिल्लक, आणि एंड झोन, मैदानाच्या टोकाची गुण मिळवून देणारी पट्टी, हाताच्या अंतरावर. क्वार्टरबॅक बार्ट स्टारने चेंडू कोणाला दिलाच नाही. क्रेमरने समोरच्याला उचलले, त्या फटीतून स्टार स्वतः घुसला. पॅकर्स २१-१७ने जिंकले. त्या क्षणाच्या प्रसिद्ध छायाचित्रात चक मर्सिन हा पॅकर्सचा धावपटू दोन्ही हात वर करून स्टारच्या मागून येताना दिसतो. लोकांना वाटले, आनंदाने हात वर केले. मर्सिनचा खुलासा वेगळा होता : साथीदाराला मागून ढकलणे तेव्हा नियमबाह्य होते, आणि आपण ढकलत नाही हे त्याला पंचांना दाखवायचे होते.

पुढे ती बंदी उठली, आणि फिलाडेल्फिया ईगल्सनी त्यातून हुकमी चाल बनवली. एक यार्ड हवा असला की क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स वाकतो, पुढची फळी एकसाथ रेटा देते आणि मागून साथीदार त्याला ढकलतात. मे २०२५मध्ये ही चाल बंद करण्याचा ठराव मतदानाला आला. ३२ संघांपैकी २४ मते हवी होती, बावीस पडली. ठराव मांडणारा संघ होता ग्रीन बे पॅकर्स. ज्या शहराच्या लोककथेत तो एक यार्ड कोरलेला आहे, त्याच शहराने ही मागणी करावी, हा योगायोग विलक्षण आहे. ईगल्सना ही चाल इतरांपेक्षा फार चांगली जमते, आणि एवढ्या कारणासाठी ती बंद करणे अन्यायाचेच झाले असते.

धावेच्या सत्तेचा कळस १९७३च्या हंगामात दिसला. त्या वर्षी ओ. जे. सिम्पसनने चौदा सामन्यांत २,००३ यार्ड काढले. दोन हजारांची वेस ओलांडणारा तो पहिला. हंगामाच्या शेवटी, जानेवारी १९७४च्या सुपर बोलमध्ये, मायामी डॉल्फिन्सच्या बॉब ग्रीसीने संपूर्ण सामन्यात चेंडू फेकला फक्त सात वेळा. बाकी काम लॅरी झोंकाने केले : ३३ धावा, १४५ यार्ड, दोन टचडाउन. मिनेसोटाचा संघ मागे सरकत राहिला आणि २४-७ने हरला.

लीगच्या चालकांना मात्र असे सामने नको होते. प्रेक्षकांना गुण हवे होते. १९७८मध्ये नियम बदलले. झेल घ्यायला धावणाऱ्याला पाच यार्डांच्या पुढे अडवता येईना, आणि क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या फळीला हात लांब करून पंजे उघडे ठेवण्याची मुभा मिळाली. फेक एका रात्रीत स्वस्त झाली. सॅन फ्रान्सिस्कोत बिल वॉल्श यांनी आणखी पुढची शक्कल लढवली : चार यार्डांची धाव मिळत नसेल, तर चार यार्डांची आखूड फेक तेच काम करील.

१९८४च्या हंगामात दोन विक्रम शेजारीशेजारी पडले. लॉस एंजेलिस रॅम्सच्या एरिक डिकरसनने २,१०५ यार्ड धावून काढले. आज चार दशकांनंतरही तो उच्चांक अबाधित आहे. मायामीच्या डॅन मरिनोने ५,०८४ यार्डांच्या फेकी केल्या. इतके यार्ड त्याआधी कोणी फेकले नव्हते. मरिनो सुपर बोलमध्ये पोचलाही. तिथे वॉल्श यांच्या संघाने २११ यार्ड धावून काढले, मायामीने २५. निकाल ३८-१६. आखूड फेकीचा जनक म्हणून वॉल्श यांना ओळखतात, पण त्या दिवशी त्यांच्या संघाच्या पायांत किती बळ होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

पुढे आकडेवाले आले, आणि त्यांनी खेळाच्या जुन्या श्रद्धा हलवल्या. ‘जास्त धावणारा संघ जिंकतो’, असे प्रशिक्षक पिढ्यान्‌पिढ्या सांगत. आकडेवाल्यांनी कार्यकारणभाव उलटा करून दाखवला. पुढे असलेला संघ धावतो, कारण धाव मैदानात संपली की घड्याळ चालू राहते आणि फेक जमिनीवर पडली की थांबते. म्हणजे धावल्यामुळे आघाडी मिळत नाही, आघाडी मिळाल्यामुळे धावावे लागते. शिवाय एक धाव सरासरी चार-साडेचार यार्ड देते, फेकीचा एक प्रयत्न सातच्या आसपास. हिशेब सरळ होता, आणि बराचसा खराही.

पण सरासरीत भीती मोजली जात नाही.

२५ जानेवारी १९९८, सॅन डिएगो. सुपर बोलमध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोज विरुद्ध ग्रीन बे. डेन्व्हरचा धावपटू टेरेल डेव्हिस याच शहरातला. १९९५च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत तो १९६वा, सहाव्या फेरीत कसाबसा घेतला गेलेला. पहिल्या क्वार्टरमध्ये त्याच्या डोक्याला मार बसला आणि जुनी अर्धशिशी उसळली. डोळ्यांपुढे काही दिसेना. चेंडू एंड झोनपासून एका यार्डावर होता. प्रशिक्षक माइक शॅनहन यांनी त्याला मैदानात जायला सांगितले : चेंडू तुला द्यायचा नाही, पण तू तिथे नसलास तर आपण धावणार आहोत यावर त्यांचा विश्वास बसणार नाही. डेव्हिस गेला. क्वार्टरबॅक जॉन एलवेने त्याला चेंडू दिल्याची हुलकावणी दिली, पॅकर्स डेव्हिसवर तुटून पडले, आणि एलवे मोकळ्या बाजूने चालत आत गेला. ज्याला समोरचे दिसत नव्हते, त्याने त्या क्षणी अर्धा संघ खेचून नेला होता. उरलेला दुसरा क्वार्टर डेव्हिस बाहेर बसला, मग परतला. १५७ यार्ड, तीन टचडाउन, सामन्याचा मानकरी, आणि डेन्व्हरचा ३१-२४ विजय.

या कथेची दुसरी बाजू फळीत आहे. डेन्व्हरचे लाइन प्रशिक्षक ॲलेक्स गिब्ज यांनी पाचही जणांना एकाच दिशेला, लाटेसारखे सरकायला शिकवले होते. धावणाऱ्याने त्या लाटेच्या मागे राहायचे, फट दिसताच एकदाच वळायचे आणि सरळ सुटायचे. डेव्हिसने १९९८च्या हंगामात २,००८ यार्ड काढले. दुसऱ्या वर्षी त्याचा गुडघा गेला. त्याच्या जागी आलेल्या ओलांडिस गॅरीने हजार यार्ड ओलांडले. त्याच्यानंतर माइक अँडरसन आला, तोही सहाव्या फेरीतला, आधी मरीन दलात नोकरी केलेला. त्याने १,४८७ यार्ड काढले.

सगळ्या संघांच्या मालकांनी यातून आपल्याला सोयीचा धडा घेतला : धाव हवी, धावणारा कोणताही चालेल. रनिंग बॅकचा भाव उतरत गेला. २०२२मध्ये लीगमध्ये सर्वाधिक, १,६५३ यार्ड काढणाऱ्या जॉश जेकब्सलाही लांब मुदतीचा करार मिळाला नाही. त्याच्यासह न्यूयॉर्क जायंट्सच्या सॅक्वॉन बार्कलीला आणि डॅलसच्या टोनी पोलार्डला एका वर्षाच्या सुमारे एक कोटी डॉलरच्या बंधनात अडकवले गेले. जुलै २०२३मध्ये देशातले आघाडीचे धावपटू आपल्या पेशाचे काय करायचे याची चर्चा करायला व्हिडिओ कॉलवर जमले. रक्कम ऐकून त्यांची कीव येणार नाही. पण दर आठवड्याला वीस-वीस वेळा शंभर-सव्वाशे किलोच्या माणसांच्या अंगावर जाणाऱ्याची उमेदीची वर्षे चार-पाचच असतात. त्या वर्षांतच हात आखडता घेतला, तर पुढे भरपाईला जागा राहत नाही. त्यांची तक्रार रास्त होती.

मार्च २०२४मध्ये बार्कली जायंट्स सोडून ईगल्सकडे गेला. जायंट्सकडच्या शेवटच्या वर्षी त्याची सरासरी धावेमागे ३.९ यार्ड होती. ईगल्सकडे पहिल्याच वर्षी ती ५.८ झाली. माणूस तोच, पाय तेच. पुढची फळी मात्र वेगळी होती. डावीकडे ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळलेला, सहा फूट आठ इंचांचा जॉर्डन मायलाटा, उजवीकडे अनुभवी लेन जॉन्सन, आणि त्यांना घडवणारे लाइन प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड. काळही बदलला होता. पॅट्रिक महोम्ससारख्यांच्या लांब फेकींना धास्तावून बचाव करणारे संघ दोन-दोन माणसे खूप मागे ठेवू लागले होते, पुढे गर्दी कमी झाली होती. धावेला जागा मिळाली ती फेकीच्या दहशतीमुळे.

बार्कलीने सोळा सामन्यांत २,००५ यार्ड काढले. इतिहासात दोन हजारांची वेस ओलांडणारा तो नववा. जॅक्सनव्हिलविरुद्ध तर आडव्या आलेल्या खेळाडूवरून त्याने पाठमोरी उडी मारली, समोर न पाहता. बाद फेरीत फिलाडेल्फियाच्या बर्फात रॅम्सविरुद्ध २०५ यार्ड. बाद फेरी धरून हंगामाची बेरीज २,५०४, म्हणजे डेव्हिसचा १९९८चा विक्रमही मोडला.

अंतिम सामना ९ फेब्रुवारी २०२५ला न्यू ऑर्लिन्समध्ये झाला. त्या दिवशी बार्कलीचा अठ्ठाविसावा वाढदिवस होता. कॅन्सस सिटी चीफ्सनी ठरवले होते, की काही झाले तरी याला सुटू द्यायचे नाही, आणि ते त्यांना जमलेही. पंचवीस धावांत त्याला मिळाले केवळ ५७ यार्ड. दर वेळी तो फळीपाशी पोचला, की तिथे त्याच्यासाठी माणसे उभीच होती. ती माणसे दुसरीकडे कुठे नव्हती. हर्ट्सने बावीसपैकी सतरा फेकी अचूक केल्या, स्वतः ७२ यार्ड धावला, आणि तिसरा क्वार्टर संपत आला तेव्हा फलक ३४-० दाखवत होता.