काळविटाचा माळ कुणाच्या खात्यावर?

नोकरीनिमित्त अमेरिकेतील वायोमिंग राज्यात स्थायिक झालेल्या माझ्या एका भाच्याचे गेल्या हिवाळ्यात पत्र आले. कचेरीतील सहकाऱ्यांसमवेत तो तिकडच्या प्राँगहॉर्न नावाच्या कुरंगसदृश प्राण्याच्या, आयुष्यातील पहिल्याच शिकारीस निघाला होता, आणि बंदूक, परवाना, थंडीचे कपडे अशी सर्व सिद्धता झाल्यावरही 'जायचे कोणत्या जमिनीवर?' या एका प्रश्नाने त्याला महिनाभर नकाशे चाळावयास लावले होते. पत्राच्या शेवटी त्याने विचारले होते: "मामा, लहानपणी आपल्या चिटगुप्प्याच्या वाटेवर तुम्ही मला काळवीट दाखविला होता. तिथे अशी परवानगी कुणाकडे मागायची?" या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे आहे, परंतु त्या एका शब्दामागे आपल्या भूमीचा जो इतिहास आहे, तो सांगितल्यावाचून ते उत्तर पुरे होत नाही.

भाच्याची अडचण प्रथम समजून घेऊ. तिकडे परवाना बहुधा सोडतीने मिळतो, आणि सोडतीत नाव निघाले तरी तो जेथे बजावावयाचा ती भूमी शोधावी लागते. कारण एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना लोहमार्गालगतची जमीन सुमारे एकेक चौरस मैलाच्या चौकटींनी, एकाआड एक अशी तोडून दिल्यामुळे वायोमिंगचा मोठा पट्टा बुद्धिबळाच्या पटासारखा झालेला असून, त्यातील एक घर खाजगी मालकाचे तर लगतचे संघराज्य सरकारचे, अशी त्याची रचना आहे. सरकारी घरे एकमेकांना केवळ कोपऱ्यांनी स्पर्श करतात. त्या कोपऱ्यावरून पाऊल टाकताना माणसाचे अंग क्षणभर खाजगी जमिनीवरील अवकाशातून जाते, आणि हे अतिक्रमण होय की नव्हे, यावर एका जमीनमालकाने चार शिकाऱ्यांविरुद्ध लावलेला दावा संघराज्याच्या अपील न्यायालयापर्यंत जाऊन मार्च २०२५ मध्ये शिकाऱ्यांच्या बाजूने निकालात निघाला. जी जमीन सर्वांची आहे तिथपर्यंत पोहोचण्याची वाट कुणा एकाला अडविता येऊ नये, हे त्या वादाचे मर्म. शिकारीविषयी आपले मत काहीही असो, हे मर्म आपणही जपावे असे आहे.

आता आपल्याकडचे उत्तर. भारतात काळविटाची शिकार कोणत्याही जमिनीवर, सरकारी असो वा स्वतःच्या मालकीची असो, करता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यात प्रारंभी काही प्राण्यांच्या शिकारीस परवाने देण्याची तरतूद होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. काळवीट या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्याच्या शिकारीस किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास, शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार रुपयांचा दंड सांगितला आहे. 'शिकार' या शब्दाची कायद्यातील व्याप्तीही ध्यानात घेण्यासारखी आहे: नुसते मारणेच नव्हे, तर पकडणे, फास लावणे, आमिष दाखविणे, हुसकावून नेणे आणि यांपैकी कशाचाही केवळ प्रयत्न करणे, हे सर्व शिकारच होय. मुख्य वन्यजीव रक्षकाला अपवादादाखल परवानगी देता येते, पण पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत तो मनुष्याच्या जिवास धोका ठरला असेल किंवा बरे न होण्याइतका जखमी वा रोगग्रस्त झाला असेल तरच. कोवळी तूर किंवा हरभरा खाल्ला, हे कारण काळविटाच्या बाबतीत चालत नाही. त्यासाठी शेतकऱ्याने वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करावयाचा असतो.

हा निर्बंध आपल्या मुलखाला नवा वाटू नये. बीदर जिल्ह्यातील आमचे चिटगुप्पा निजामी अमदानीत पायगा अमिरांच्या जहागिरीतील एका तालुक्याचे ठिकाण होते, आणि अशा जहागिरी मुलखात शिकारीचा प्रश्न सर्वस्वी मालकीचा होता: ज्याची जहागीर त्याची शिकार, आणि जेथे शिकारगाह राखलेली असेल तेथे रयतेला मज्जाव. काळवीट हे राजेरजवाड्यांचे विशेष लक्ष्य असे. करवीरच्या शाहू छत्रपतींच्या पदरी माणसाळविलेले चित्ते होते, आणि त्यांना गाडीतून माळावर नेऊन, डोळ्यांवरची पट्टी काढून काळविटावर सोडीत. ज्यांच्या हाती हे चित्ते असत त्यांत चित्तापारधी म्हणविणारे लोक होते. फास लावणारे फासेपारधी आणि गाईच्या आडोशाने सावजाजवळ सरकणारे गायपारधी ही त्यांची भावंडे. सरदाराचा जो शौक होता तोच पारध्याचा पोटाचा धंदा होता. आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची जी वाट घालून दिली, तिच्यात पारधीही सापडले, हा इतिहास शिकारीच्या गप्पांत विसरला जाऊ नये. चित्ता तर १९५२ मध्ये भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. शिकारी श्वापद गेले, सावज मागे राहिले.

याहून जुना एक दाखला आहे, आणि तो जमिनीच्याच हद्दीविषयी आहे. कालिदासाच्या शाकुंतलाचा प्रारंभ एका मृगाच्या पाठलागाने होतो. राजा दुष्यंत शरसंधान करून रथ दौडवीत असताना एक तपस्वी आडवा येतो आणि हा आश्रमातील मृग आहे, त्याला मारू नये, असे सांगतो, तेव्हा पृथ्वीपती असलेला तो राजा मुकाट्याने बाण उतरवितो. राजाची सत्ता जेथे थांबते अशी भूमी असू शकते, ही कल्पना आपल्या संस्कृतीने इतक्या सहजतेने स्वीकारली होती. मनुस्मृतीने तर कृष्णसार मृग, म्हणजे आपला काळवीटच, जेथे स्वभावतः संचार करतो तोच देश यज्ञास योग्य, अशी देशाची व्याख्या केली. मृगावरून भूमीची योग्यता ठरविणारी ही दृष्टी होती.

आपल्या महसुली दप्तराची दृष्टी नेमकी उलट आहे. तालुक्याच्या कचेरीतून एखाद्या सर्व्हे नंबरची पहाणी, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा, काढली की तीत क्षेत्राच्या जोडीला 'खराब' नावाचा एक आकडा दिसतो. लागवडीस निरुपयोगी ती 'अ' खराब, आणि रस्ता, ओढा, स्मशान अशा सार्वजनिक कारणासाठी सोडलेली ती 'ब' खराब. ही परिभाषा सारा वसूल करणाऱ्याची आहे: ज्या जमिनीतून सारा येत नाही ती खराब किंवा पड. १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या, १९५६ मध्ये बीदर जिल्ह्याची फाळणी होऊन उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आणि भालकी, हुमनाबाद, चिटगुप्पा म्हैसूर राज्यात गेले, अंमल बदलले, दप्तराची भाषा उर्दूची कन्नड झाली. पण 'खराब' हा शब्द मात्र तसाच राहिला. पुढे केंद्र सरकारने देशातील पडीक जमिनींचे जे नकाशे प्रसिद्ध केले, त्यांतही गवताळ माळांचा मोठा भाग 'पडीक' याच सदरात मोडला गेला.

आणि काळविटाला नेमकी हीच जमीन हवी असते. हा दाट अरण्यातला प्राणी नव्हे. गवतावर त्याचा निर्वाह, दूरवर पाहणाऱ्या डोळ्यांवर त्याचे रक्षण आणि पळण्याच्या वेगावर त्याचा जीव. म्हणून झाडी दाटली की तो ते रान सोडतो. वय वाढत जाते तसा नराचा रंग तांबूस तपकिरीतून काळा होत जातो, त्याची पिळाची शिंगे वाढतात, आणि तो माळाचा एक तुकडा आपला म्हणून राखतो. तेथे ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग घालून तो आपली हद्द कायम करतो. मोजणीदाराच्या दगडांइतकीच ही हद्द स्पष्ट असते, परंतु कोणत्याही फेरफारात तिची नोंद होत नाही. कायद्याने काळविटाला गोळीपासून वाचविले. गायरानावर नांगर फिरला, माळावर खाणीचा खड्डा पडला, किंवा वनीकरणाच्या सदिच्छेने उघड्या गवतावर झाडांच्या ओळी उभ्या राहिल्या, तर त्याला वाचविणारे कलम शोधावे लागते. ते अगदीच नाही असे नव्हे: कर्नाटकच्या १९६४ च्या जमीन महसूल अधिनियमात गुरचरणासाठी जमीन राखण्याची तरतूद आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवून त्या गावाला परत मिळवून देण्यास राज्यांना बजावले आहे. तथापि निकालाचा कागद आणि गायरानाचा बांध यांच्यामध्ये ग्रामस्थांनीच उभे राहावयाचे असते.

ज्याला काळवीट पाहावयाचा आहे त्याला मात्र वाट मोकळी आहे. सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभे राहण्यास कुणाचा परवाना लागत नाही. दुसऱ्याच्या शेतात शिरण्यापूर्वी मालकाला विचारावे, आणि राखीव वनात वा अभयारण्यात वनखात्याची अनुज्ञा घ्यावी, एवढेच. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात चिंचोळीचे अभयारण्य आहे, पण ते झाडीचे. माळाचा अनुभव हवा असेल तर सोलापूरजवळचे नान्नज किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरी गाठावे. अवघ्या दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरांचे रेहेकुरी १९८० मध्ये मुख्यतः काळविटांसाठीच राखले गेले, आणि एवढीशी जमीनही पुरते, जर ती जमीन म्हणून राखली तर, याचा ते पुरावा आहे. पहाटे अगर उन्हे कलताना जावे, गाडीतून उतरू नये, कळपाच्या मागे धावू नये. आमच्याकडे कन्नडभाषक शेतकरी त्याला चिगरी म्हणतात, मराठी घरांत काळवीट; दोन्ही नावांनी विचारल्यास कुणीतरी बोट दाखवितेच.

भाच्याला मी लिहिले: परवाना कुणाकडेही मागू नकोस, हौसेखातर तो देण्याचा अधिकार कुणालाच उरलेला नाही, आणि ते योग्यच आहे. माघात ये, तूर काढून झालेली असते आणि माळ दूरवर दिसतो. बंदुकीऐवजी दुर्बीण आण. मात्र माळावर जाण्यापूर्वी आपण तहसीलीत जाऊ आणि लहानपणी तुला जेथे काळवीट दाखविला त्या सर्व्हे नंबरची पहाणी काढू. तिकडे तू महिनाभर ज्याच्यासाठी नकाशे चाळलेस, त्याच प्रश्नाचे आपल्याकडचे उत्तर त्या कागदावर आहे: तेथे 'गायरान' हा शब्द अजून शिल्लक आहे की कुणाचे नाव लागले आहे, हे प्रथम पाहू. शब्द शिल्लक असला, तर तो शिल्लक राहावा म्हणून ग्रामपंचायतीच्या बैठकीत कुणी उभे राहावयाचे, तेही त्याच दिवशी ठरवून टाकू.