बॅग शिवणारी आणि बॅग ठरवणारी



जून २०२५ मधली ही बातमी तुमच्याही मोबाईलवर आली असेल. इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या महागड्या कंपनीचा फॅशन शो झाला आणि मॉडेलच्या पायात आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या. कोल्हापूरचं नाव मात्र कुठे नाही. इकडून आरडाओरडा झाला, तेव्हा कंपनीने मान्य केलं की कल्पना भारतातल्या कारागिरांच्या चपलेवरूनच घेतली. कोल्हापुरीला तर २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे.

राग आला असेल तर बरोबरच आहे. पण त्यातून एक प्रश्नही निघतो. चपला, पर्स, बॅग, दागिने, पट्टे या कपड्यासोबत वापरायच्या वस्तूंना या धंद्यात ‘अ‍ॅक्सेसरीज’ म्हणतात. त्या बनवणारे हात आपल्याकडे भरपूर आहेत. ती वस्तू कशी असावी हे ठरवणारी डिझायनर मात्र बहुतेक वेळा दुसरीकडेच बसलेली असते. शिवणारीला नगामागे मजुरी मिळते, ठरवणारीला ठरवण्याचे पैसे मिळतात. हे ठरवण्याचं काम आपल्या मुलींनी शिकावं, आणि जमेल तेवढं आपणही.

डिझायनर म्हणजे सुंदर चित्रं काढणारी, असा आपला समज असतो. चित्र लागतंच, पण खरं काम कात्रीच्या आधी होतं. आपल्या कापडी बॅगेचंच बघा. कापडाचा पन्हा ४४ इंच. बॅगेचा एक तुकडा शिलाईच्या दाबासकट १५ इंच रुंद धरला, तर पन्ह्यात दोनच बसतात. ३० इंच गेले, १४ इंचाची पट्टी उरली. तीच पट्टी पुढे घरात पोतं भरून साठते, हे सांगायला नको! आता तुकडा १४ इंचाचा केला तर तीन बसतात, ४२ इंच होतात आणि किनारीला दोन इंच राहतात. एका इंचाने बॅग बघणाऱ्याला लहान वाटत नाही, पण तेवढ्याच कापडात दोनाच्या जागी तीन तुकडे निघतात. हा इंच ज्या बाईला दिसला, तिने डिझायनरचं अर्धं काम केलं.

उरलेलं अर्धं गिऱ्हाईक ओळखण्यात आहे. कॉलेजच्या मुलीला मोबाईलचा कप्पा बाहेरून हवा, बाजाराला जाणाऱ्या बाईला पट्टा रुंद हवा, नाहीतर खांदा कापतो. मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये स्टॉल लावलेल्या ताईंना विचारा, गिऱ्हाईक वस्तू उलटी करून आधी आतली शिलाई आणि चेन बघतं.

आता शिक्षणाचं. आयटीआयमध्ये आठवी पास मुलीला ‘सुइंग टेक्नॉलॉजी’ आणि दहावी पास मुलीला ‘फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ हे एक-एक वर्षाचे कोर्स आहेत. दहावीनंतर काही तंत्रनिकेतनांत ड्रेस डिझायनिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा मिळतो. बारावीनंतर, शाखा कोणतीही असो, निफ्टचा रस्ता आहे. ही केंद्र सरकारची संस्था १९८६ साली दिल्लीत सुरू झाली, आपल्याकडे ती खारघरला आहे. तिथे अ‍ॅक्सेसरीजची वेगळी चार वर्षांची पदवी आहे. प्रवेश परीक्षेत चित्र असतं, सामान्य ज्ञान असतं, आणि पुढच्या फेरीत हातात कागद, तार, कापड असं साहित्य देऊन एखादी वस्तू करायला सांगतात. आपल्या मुली लहानपणापासून हेच तर करतात. शाळेतल्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा तेवढ्या चुकवू नका.

खर्चाचं लपवत नाही. निफ्टची फी लाखांत जाते. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी फीमध्ये सवलत आहे, तिची चौकशी अर्ज भरतानाच करा. आणि तालुक्याला ‘नोकरीची हमी’ असा फलक लावून फी घेणारे क्लासही निघालेत. पैसे भरण्याआधी प्रमाणपत्र कोणत्या मंडळाचं किंवा विद्यापीठाचं, आणि मागच्या वर्षीच्या मुली कुठे कामाला आहेत, एवढं तरी विचारा. उत्तर गोलगोल आलं तर परत या.

शिकून झालं की लगेच नाव होत नाही. सुरुवातीची वर्षं कुणाच्या तरी हाताखाली जातात: मापांचा आणि साहित्याचा तपशीलवार कागद, ज्याला ‘टेक पॅक’ म्हणतात, तो तयार करायचा, नमुना शिवून घ्यायचा, बकल-चेन कुठे स्वस्त मिळते ते शोधायचं, कारखान्यात माल तपासायचा. मग स्वतःच्या जबाबदारीवर काम मिळतं, पुढे मुख्य डिझायनर, नाहीतर स्वतःचा ब्रँड.

आणि आपण, ज्यांची शाळा केव्हाच सुटली? कच्छमध्ये अदिपूरला सोमैया कला विद्या नावाची शाळा आहे. तिथे विणकर, बांधणीवाले, भरतकाम करणाऱ्या बायका असे हातात कला असलेले कारागीरच डिझाइन शिकतात, आणि वर्ग मधूनमधून असतात म्हणून घरचं काम बंद पडत नाही. असं आपल्या प्रभागसंघातही मागता येईल. प्रशिक्षणाची मागणी लिहून देताना नुसतं ‘शिवणकाम’ लिहू नका, ‘नमुना तयार करणे, कटिंग आणि किंमत ठरवणे’ असं लिहा.

ज्यांच्या घरी हातमाग, भरतकाम, चामड्याचं काम आहे, त्यांनी केंद्राच्या हस्तकला किंवा हातमाग आयुक्तालयाचं कारागीर ओळखपत्र काढून ठेवा. निफ्टमध्ये कारागिरांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी वेगळा प्रवेश असतो, तिथे ते मागतात. आणि निफ्टचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आधी, हिवाळ्यातच भरावे लागतात. निकाल लागल्यावर बघू म्हटलं तर ते वर्ष गेलं.