टिल द काउज कम होम

टिल द काउज कम होम (शब्दशः अर्थ: गाई घरी येईपर्यंत) हा प्रदीर्घ व अनिश्चित काळ सुचविणारा इंग्रजी वाक्प्रचार आहे. चरून परतणाऱ्या गाईंची संथ चाल त्याच्या मुळाशी असल्याचे मानले जाते. १७व्या शतकाच्या प्रारंभीच्या इंग्रजी नाट्यवाङ्मयात तो आढळतो. वादविवादाच्या संदर्भात वापरल्यास, कितीही वेळ वाद घातला तरी तो निष्फळच ठरेल, असा भाव त्यातून व्यक्त होतो.

मराठी भाषकांच्या दृष्टीने गाई परतण्याची वेळ, म्हणजेच गोरज, ही दिवसातील ठरलेली वेळ होय. त्यामुळे शब्दशः भाषांतर केल्यास अमर्याद काळाचा अर्थ आक्रसून केवळ ‘सायंकाळपर्यंत’ एवढाच उरतो. अशा ठिकाणी ‘कितीही वेळ’ किंवा ‘जन्मभर’ हे पर्याय मूळ आशयाच्या अधिक जवळ जातात.